मानेचे ऑपरेशन आणि कारागिराचे तीन महिने

सुईत दोरा ओवला जाईना की टेलर मास्तर आधी चष्म्याच्या दुकानात जातात. नंबर तपासला जातो, काचा बदलतात, चष्मा नवा होतो. पण दोरा काही ओवला जात नाही. मग वय झाले असे समजून पोराला हाक मारून दोरा ओवून घेण्याची सवय लागते. काही महिन्यांनी काज करताना बोटे अडखळू लागतात. स्वतःच्या शर्टाचे बटन लावायला घरच्यांची मदत लागते. चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि चार पावले गेल्यावर ते लक्षात येते. दोष डोळ्यांत नसतो, बोटांत नसतो आणि पायांतही नसतो. तो मानेत असतो.

उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारख्या बाजारपेठेच्या गावात मान खाली घालून पोट भरणारे किती आहेत, हे एकदा बाजारातून फिरताना पाहावे. टेलर, रफूगार, घड्याळ आणि मोबाईल दुरुस्त करणारे, मोटारसायकलच्या इंजिनात डोके घालून बसलेले मिस्त्री, वेल्डिंगवाले, गादी भरणारे पिंजारी, चप्पल शिवणारे. डोक्यावर व मानेवर पोती वाहणारे हमाल तर वेगळेच. महाराष्ट्रात १९६९ साली हमालांसाठी जो कायदा झाला त्याला माथाडी कायदा म्हणतात. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. माथ्यावरचे ओझे शेवटी मानेवरच येते, पण मानेचा विचार करायला कोणाला सवड नसते. मान दुखली की मेडिकलमधून गोळी आणायची, बाम चोळायचा आणि पुन्हा कामाला बसायचे, हा रिवाज आहे.

बहुतेकांचे त्यावर निभावतेही, हे आधीच सांगितले पाहिजे. मान दुखणाऱ्या शंभरातल्या फार थोड्यांना ऑपरेशन लागते. परंतु ज्यांना लागते ते बहुधा उशिरा पोहोचतात आणि हाताचे कसब गमावून बसतात. कारागिराचे हात हेच त्याचे भांडवल. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेतला आहे.

गादी बसते तेव्हा

मानेत सात मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये जी चकती असते तिला आपल्याकडे सगळे गादी म्हणतात आणि हा शब्द अगदी योग्य आहे. वापरून वापरून गादी बसते, तिचा कापूस एका बाजूला सरकतो, हे पिंजाऱ्याला समजावून सांगायला नको. मणक्यातल्या गादीचेही तसेच होते. ती सुकते, चपटी होते, कधी मागे सरकते. कडेला हाडाचे काटे वाढतात.

मोठ्या माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. मान सरळ असेल तर हे वजन मणक्यांवर नीट तोललेले राहते. पण पाच किलोची पिशवी छातीशी धरणे वेगळे आणि हात लांब करून धरणे वेगळे. मान जितकी पुढे झुकेल तितका ताण वाढतो. न्यूयॉर्कचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे मान साठ अंश झुकली की मानेवर सुमारे २७ किलोचा भार पडतो. हा आकडा गणिताने काढलेला आहे, जिवंत माणसाच्या मानेत काटा लावून नव्हे. तरी रोज आठ-दहा तास मशीनवर वाकणाऱ्याला त्यातला अर्थ कळेल.

गादी सरकली किंवा काटे वाढले की दोन प्रकारची दुखणी होतात. त्यांतला फरक कळणे फार महत्त्वाचे आहे.

पहिला प्रकार म्हणजे नस दबणे. नस म्हणजे खांबावरून घरात आलेली वायर समजा. ती दबली तर एकाच हातात कळ उतरते, मुंग्या येतात. कोणत्या बोटाला मुंग्या येतात यावरून डॉक्टर नस ओळखतात. अंगठ्याकडे असेल तर वरची, मधल्या बोटाला असेल तर तिच्या खालची, करंगळीकडे असेल तर आणखी खालची. हे दुखणे भयंकर असते, रात्र रात्र झोप येत नाही. पण बहुतेकांना ऑपरेशन न करता, औषध, थोडी विश्रांती आणि फिजिओथेरपी यांनी सहा ते बारा आठवड्यांत उतार पडतो.

दुसरा प्रकार म्हणजे मज्जारज्जू दबणे. मेंदूपासून निघालेली ही गावाची मेन लाईनच. ती मानेत दबली तर खालच्या सगळ्या घरांचा वीजपुरवठा मंद होतो. यात गंमत (खरे तर दुर्दैव) अशी की दुखणे फारसे नसते. मान थोडीशी आखडते इतकेच. पण बोटांची चपळाई जाते, अक्षर बिघडते, चालताना तोल जातो, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, पुढे लघवी आवरत नाही. कधी मान खाली घातली की पाठीतून विजेचा झटका गेल्यासारखे वाटते. दुखत नाही म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही आणि नेमका हाच प्रकार थांबू देत नाही.

डॉक्टर यासाठी एक सोपी चाचणी करतात, ती घरीही करून पाहता येते. हात पुढे करून मूठ पूर्ण मिटायची आणि बोटे पूर्ण उघडायची. धडधाकट माणसाला दहा सेकंदांत हे साधारण वीस वेळा जमते. बरेच कमी होत असेल, किंवा बोटे उघडायला वेळ लागत असेल, तर ते दाखवून घेण्यासारखे आहे. यावरून रोग ठरत नाही. तपासणीला जायचे की नाही एवढे ठरते. शिवाय सुई-दोऱ्याचे, नटबोल्टचे किंवा घड्याळाच्या स्क्रूचे काम करणाऱ्याला ही चाचणी रोजच आपोआप होत असते. आपला हात कालच्यापेक्षा आज कसा चालतो, हे कारागिराला डॉक्टरच्या आधी कळते. त्याने ते मनावर घेतले पाहिजे एवढेच.

येथे दोन इशारे. सलूनमध्ये चंपी झाल्यावर मान दोन्ही बाजूंना कडकन् मोडून घेण्याची अनेकांना आवड असते. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अशा झटक्याने फाटू शकतात आणि त्यातून लकवा होऊ शकतो. असे क्वचित होते, पण होते. ज्याची मेन लाईन आधीच दबलेली आहे त्याने तर मानेला कोणालाही झटका देऊ देऊ नये. दुसरे म्हणजे, मानदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, भूक मंदावणे आणि वजन घटणे असेल तर ती मणक्याची टी.बी. असू शकते. आपल्या देशात ती आजही दिसते. तिचा मुख्य इलाज टी.बी.ची औषधे हाच आहे, ऑपरेशन काहींनाच लागते.

"उठायचा नाही माणूस"

डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवले की घरात काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. "मानेचे ऑपरेशन? नको रे बाबा, उठायचा नाही माणूस," असे एक चाचा सांगतात. दुसरे कोणी कुठल्यातरी हाडवैद्याचा पत्ता देतात. तिसरा म्हणतो, ईदचा सीझन होऊ द्या, मग बघू. सीझन होतो, लग्नसराई येते, जूनमध्ये शाळेचे गणवेश येतात आणि वर्ष निघून जाते.

चाचांची भीती अगदीच निराधार आहे असे नाही. मज्जारज्जूजवळ काम करायचे तर धोका शून्य कधीच नसतो. पण सरावलेल्या सर्जनच्या हातून लकवा होण्याचे प्रमाण फार कमी आहे. उलट दबलेला मज्जारज्जू तसाच ठेवला तर बहुतेकांचे हातपाय पायरी पायरीने उतरत जातात. काही महिने बरे वाटते, मग एक पायरी खाली. आणि खाली उतरलेली पायरी पुन्हा चढता येईलच असे नाही. मोटारसायकलवरून एखादा साधा आपटी-धक्का बसला तरी अशा मानेला तो जबर ठरतो. तेव्हा तोलायचे ते ऑपरेशनचा धोका एका पारड्यात आणि न करण्याचा धोका दुसऱ्या पारड्यात. आपले लोक एकच पारडे पाहतात.

याची दुसरी बाजूही आहे. एम.आर.आय.चा कागद वाचून घाबरण्याचे कारण नाही. त्यात 'डिस्क बल्ज' असे शब्द जवळजवळ प्रत्येकाच्या रिपोर्टात असतात. जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १२११ लोकांच्या मानेचे एम.आर.आय. काढले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ८७ टक्क्यांहून अधिक लोकांची गादी थोडीफार बाहेर आलेली दिसली. म्हणजे फोटोचे ऑपरेशन करायचे नसते, माणसाचे करायचे असते. फक्त मान दुखते, हातापायात काही नाही, आणि तरी कोणी लगेच ऑपरेशनची तारीख देत असेल, तर फिल्म घेऊन दुसऱ्या सर्जनचे मत घ्यावे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. आपण लाखाचा माल घेताना दोन दुकाने फिरतोच.

टेबलावर काय होते

सर्वांत जास्त होणारे ऑपरेशन गळ्याच्या बाजूने, म्हणजे समोरून होते. हे ऐकून लोक दचकतात. पण गळ्यावरच्या सुरकुतीतच दीड-दोन इंचाचा आडवा छेद घेतात, श्वासनलिका व अन्ननलिका हलकेच बाजूला धरतात आणि सरळ मणक्यापर्यंत पोहोचतात. स्नायू फारसे कापावे लागत नाहीत. बिघडलेली गादी काढतात, काटे घासून नस किंवा मज्जारज्जू मोकळा करतात आणि रिकाम्या जागी कमरेच्या हाडाचा तुकडा किंवा छोटा पिंजरा बसवून पुष्कळदा वर टायटॅनियमची पट्टी स्क्रूने घट्ट करतात. पुढे दोन्ही मणके जुळून एक होतात. ही रीत नवी नाही. अमेरिकेतील बाल्टिमोरचे रॉबिन्सन व स्मिथ आणि हवाई बेटांवरील क्लोवर्ड यांनी ती १९५० च्या दशकात बसवली.

बऱ्याच मणक्यांत दाब असेल तर मागून ऑपरेशन करतात. मणक्यांची मागची कमान काढून टाकतात किंवा दरवाजासारखी एका बाजूने उघडून ठेवतात. ही दरवाजाची युक्ती जपानी सर्जनांनी १९७० च्या दशकात काढली.

मणके जुळवले तर मान वळणार कशी, ही शंका मिस्त्री लोक हमखास विचारतात, आणि शंका रास्त आहे. मान डावी-उजवीकडे वळते त्यातले जवळजवळ अर्धे वळणे सर्वांत वरच्या दोन मणक्यांत होते. नेहमीची ऑपरेशने खालच्या मणक्यांत होतात. त्यामुळे एक जोड बंद झाला तर माणसाला फरक फारसा जाणवत नाही. दोन-तीन जोड बंद झाले तर गाडी मागे घेताना जाणवतो.

ऑपरेशनआधी शुगर आटोक्यात आणावी लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या केव्हा बंद करायच्या ते डॉक्टरच सांगतील, आपल्या मनाने करू नये. आणि विडी-सिगारेट सोडावी लागते. हा नेहमीचा उपदेश समजून सोडून देऊ नये. धूम्रपानाने हाड जुळायला अडथळा येतो, हे पक्के ठरलेले आहे. सर्जनने बसवलेली पट्टी कितीही चांगली असली तरी हाड जुळायचे काम शरीराचेच आहे.

एका मुख्यमंत्र्यांची मान

आपल्या राज्यात मानेच्या ऑपरेशनची सर्वांत गाजलेली घटना नोव्हेंबर २०२१ मधील. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे मानेला पट्टा लावून कार्यक्रमात दिसले, १० नोव्हेंबरला मुंबईत गिरगावच्या सर एच. एन. रिलायन्स रुग्णालयात दाखल झाले आणि १२ तारखेला त्यांच्या मानेच्या मणक्याचे ऑपरेशन झाले. घरी सोडले ते २ डिसेंबरला. त्या वर्षीचे हिवाळी अधिवेशन त्यांच्या प्रकृतीमुळे नागपूरऐवजी मुंबईत झाले आणि तेथेही त्यांना सभागृहात बसता आले नाही. राजकारणाशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. पण त्यांनी पुढे जुलै २०२२ मधील मुलाखतीत जे सांगितले ते प्रत्येक रुग्णाने ऐकण्यासारखे आहे. पहिले ऑपरेशन ठीक झाले होते. काही दिवसांनी अचानक मानेखालची हालचाल बंद पडली. आत रक्ताची गुठळी झाली होती. डॉक्टर हाताशी होते, तातडीने दुसरे ऑपरेशन केले गेले आणि ते सावरले.

आता हाच प्रसंग ढाणकीच्या रुग्णावर आला तर? ढाणकीकरांना जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा, म्हणजे यवतमाळपेक्षा नांदेड जवळ पडते. हिमायतनगरला रेल्वेही आहे. तरी मध्यरात्री हातपाय सुटले तर गाडी मिळवून, उमरखेड गाठून, तेथून पुढे नांदेडला जाईपर्यंत किती वेळ जाईल याचा हिशेब प्रत्येकाने आपला करावा. पुष्कळ ठिकाणी दोन-चार दिवसांत सुट्टी देतात आणि आपल्यालाही घरी पळण्याची घाई असते. खोलीभाडे वाचते, भेटायला येणाऱ्यांची सोय होते. परंतु सर्जनना विचारून, शक्य असेल तर पहिला आठवडा-दहा दिवस रुग्णालयाच्या गावातच नातेवाइकांकडे मुक्काम करावा. मानेची सूज वाढणे, श्वास घ्यायला त्रास, हाता-पायात नवीन अशक्तपणा, लघवी अडणे, ताप किंवा जखमेतून पू, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. यात श्वासाचा त्रास सर्वांत आधी.

मुख्यमंत्र्यांचे ऑपरेशन डॉ. शेखर भोजराज यांनी केले. त्यांच्या स्पाइन फाउंडेशनचे पथक गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या दवाखान्यात येऊन तेथील आदिवासी व शेतकऱ्यांच्या मणक्यांचीही ऑपरेशने करीत आले आहे. मणक्याचा इलाज फक्त मुंबईच्या बड्या लोकांसाठी, असा समज असेल तर तो विदर्भातच खोटा ठरलेला आहे.

पैशाची तजवीज

मान दबल्याचे कळले की पहिला प्रश्न खर्चाचा. सावकाराकडे जाण्याआधी सरकारी योजना पाहावी. २ जुलै २०१२ रोजी राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचे नांदेड त्यात होते, आपले यवतमाळ नव्हते. नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व राज्यात आली आणि २०१७ साली तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. आरंभी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. २०२३ साली शासनाने ते पाच लाखांपर्यंत नेण्याचा आणि सर्व कुटुंबांना योजनेत घेण्याचा निर्णय केला.

योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशन कार्ड व आधार घेऊन आधी त्याच्याकडे जायचे. आपले नेमके कोणते ऑपरेशन, ते या रुग्णालयात योजनेत बसते का, आणि मंजुरी आली का, हे तीन प्रश्न दाखल होण्याआधीच विचारायचे. आपण रोख भरून दाखल झालो आणि मागून योजना मागितली, तर हात हलवत परत यावे लागते. चौकशीसाठी १५५३८८ हा मोफत क्रमांक आहे. एक ध्यानात ठेवावे की रेशन कार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत पुष्कळदा मेळ नसतो. एकीकडे शेख, दुसरीकडे नुसते पाळण्यातले नाव, तिसरीकडे स्पेलिंग वेगळे. ही दुरुस्ती धडधाकट असतानाच करून ठेवावी.

योजनेत बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालयांचा विचार करावा. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या योजनेप्रमाणे २००६ पासून दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधी काढलेला असला पाहिजे. याशिवाय नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण आणि यवतमाळचे वसंतराव नाईक ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि नागपूरला सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे. तेथे रांग लांब असते, हे खरे.

पण रुग्णालयाचा खर्च हा अर्धाच खर्च. उरलेला अर्धा बंद शटरचा असतो आणि तो कोणतीही योजना देत नाही. म्हणून ऑपरेशनचा हिशेब तीन महिन्यांचा धरावा. बसून, मान न वाकवता करण्याचे हलके काम चार ते सहा आठवड्यांत सुरू करता येते. मशीनचे, वेल्डिंगचे, ओझ्याचे काम सर्जनच्या परवानगीशिवाय नाही, आणि ती साधारण तीन महिन्यांपूर्वी मिळत नाही. ओझ्याच्या कामाला कधी त्याहून उशिरा.

नुसती नस दबलेली असेल आणि डॉक्टर थांबायला हरकत नाही म्हणत असतील तर सीझन सांभाळून तारीख घ्यायला काहीच हरकत नाही. मज्जारज्जू दबलेला असेल तर मात्र सीझन सोडून द्यावा. गेलेला सीझन पुढच्या वर्षी येतो.

दुकानाची व्यवस्था लावताना सर्वांत मोठी अडचण येते ती अशी की आपल्या बहुतेक मास्तरांची उधारीची वही त्यांच्या डोक्यात असते. कोणाचे किती येणे, कापडवाल्याचे किती देणे, कोणत्या गिऱ्हाइकाचा कपडा कुठल्या गाठोड्यात, हे दुसऱ्या कोणाला माहीत नसते. दाखल होण्याआधीच्या आठवड्यात हे सगळे कागदावर उतरवून घरवालीच्या किंवा मुलाच्या हाती द्यावे. घेतलेले कपडे शिवून पोहोचवावेत, जमणार नसतील ते माफी मागून परत करावेत, नव्या कामाचा ॲडव्हान्स घेऊ नये. बँकेचा हप्ता असेल तर आधी जाऊन बोलावे. थकल्यावर बोलणे आणि थकण्याआधी बोलणे यांत फार फरक पडतो. मोहल्ल्यात बिनव्याजी कर्ज देणारी सोसायटी किंवा बैतुलमाल असेल तर तेथे मागण्यात संकोच कसला? परतफेडीचा कागद मात्र लिहून द्यावा.

शेजारच्या मास्तरांशी ठरवून आपले गिऱ्हाईक तात्पुरते त्यांच्याकडे पाठवता येते. माप आपण घ्यायचे, शिलाई त्यांनी करायची. जुन्या लोकांत अशी देवाणघेवाण होती. हल्ली गिऱ्हाईक परत येणार नाही या भीतीने कोणी करीत नाही.

घरी आल्यावर

पहिले काही दिवस गिळायला त्रास होतो आणि आवाज घोगरा होतो. समोरून ऑपरेशन झालेल्या अनेकांना हे होते आणि बहुतेकांचे काही आठवड्यांत जाते. तोवर खिमट, शिरा, पातळ वरण, शोरबा असे मऊ खावे, छोटे घास घ्यावेत. झोपताना डोके किंचित उंच असावे. उठताना सरळ उठू नये. कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठावे. चालणे मात्र दुसऱ्या दिवसापासूनच सुरू करतात. महिनाभर खाटेवर पडून राहणे म्हणजे विश्रांती, ही जुनी कल्पना सोडून द्यावी.

मानेचा पट्टा किती दिवस, याचे उत्तर सर्जनप्रमाणे बदलते. एकाच जोडाचे ऑपरेशन करून पट्टी बसवली असेल तर काही जण पट्टा देतच नाहीत. शेजाऱ्याला सहा आठवडे दिला होता म्हणून आपणही लावायचा, असे करू नये. पहिले सहा आठवडे दोन-तीन किलोपेक्षा जड काही उचलायचे नाही. पाण्याची घागर, गॅसची टाकी आणि नातवंड, तिन्ही यात आले. तिसऱ्याला नाही म्हणणे सर्वांत कठीण जाते. मोटारसायकल चालवणे बंद, आणि मागे बसून उमरखेडला जाणेही परवानगी मिळेपर्यंत टाळावे. आपल्याकडच्या रस्त्यांवरचे खड्डे मानेचा विचार करीत नाहीत.

जखम कोरडी ठेवायची असल्याने वुजू करताना पाणी लागू न देण्याची काळजी घ्यावी. रुकू व सजद्यासाठी किती वाकता येईल ते सर्जनना स्पष्ट विचारावे. तोपर्यंत खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत रुग्णाला आहेच, तिचा संकोच बाळगू नये. सलाम फेरताना मान हळूहळू, जितकी सहज वळेल तितकीच वळवावी.

हातातली कळ पुष्कळदा शुद्धीवर आल्यावरच गेलेली असते. मुंग्या व बधिरपणा जायला महिने लागतात, अशक्तपणा भरून यायला कधी वर्ष लागते. काहींना खांदा उचलायला त्रास होतो. तो बहुधा महिन्यांनी सुधारतो. मज्जारज्जूच्या रुग्णाने अपेक्षा वेगळी ठेवावी. ऑपरेशनचा पहिला हेतू घसरण थांबवणे हा असतो. त्यावर जे परत मिळेल ते बरेचसे पहिल्या सहा महिने ते वर्षभरात मिळते, आणि जितक्या लवकर ऑपरेशन झाले असेल तितके जास्त मिळते. फिजिओथेरपीत हाताचे व्यायाम देतात. टेलरला त्यात एक सोय आहे. जुन्या कापडावर काज, तुरपाई, बटन, हाच त्याचा व्यायाम. फक्त कापड मांडीवर घेऊन नव्हे; उशीवर, छातीच्या उंचीला धरून.

पुन्हा मशीनवर

तीन महिन्यांनी मशीनवर बसताना जुन्याच रीतीने बसले तर ऑपरेशन झालेल्या जोडाच्या वरचा आणि खालचा जोड त्याच वाटेने जातो. डोके कामाकडे न्यायचे नाही, काम डोक्याकडे आणायचे. स्टूल काढून पाठ टेकेल अशी खुर्ची घ्यावी. मशीनच्या टेबलाच्या मागच्या पायांखाली दोन-तीन इंचांचे लाकडी ठोकळे दिले की टेबल आपल्याकडे उतरते होते आणि सुई पाहण्यासाठी वाकावे लागत नाही. पायडलऐवजी मोटर बसवावी. सुईवर स्वतंत्र दिवा हवा, कारण अंधारात मान आपोआप पुढे जाते. पहिल्या आठवड्यात एका बैठकीला वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. मग उठून गिऱ्हाइकाशी बोलावे, पाणी प्यावे, पुन्हा बसावे. कटिंगचे टेबल कमरेच्या वर, कोपराच्या थोडे खाली असावे. जमिनीवर सतरंजी टाकून कटिंग करण्याची पद्धत अशा मानेला कायमची बंद. मोबाईल दुरुस्तीवाल्याने आणि घड्याळजीने कोपराखाली उंच ठोकळा घेऊन वस्तू डोळ्यांसमोर धरावी. हमालाने डोक्यावर पोते घेण्याचे काम पुन्हा करू नये. हातगाडीचे, वजनकाट्याचे किंवा पावत्यांचे काम मिळते का ते अडत्याशी आधीच बोलून ठेवावे.

ठोकळे, खुर्ची आणि दिवा या गोष्टी मास्तर रुग्णालयात असतानाच मुलाने सुताराकडून करून घ्याव्यात, म्हणजे पहिल्या दिवशी दुकान उघडताना "आजच्या दिवस असेच बसतो" असे म्हणायची वेळ येणार नाही.